भोसरीतल्या कारखान्यात फॉक्सप्रो काढून ईआरपी आणायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा की 60 माणसांचं मशीन शॉप आहे, स्टोअर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर, हिशेब टॅलीत, प्लॅनिंग एक्सेलमध्ये. तर कुठलं ईआरपी (स्टोअर, खरेदी, हिशेब, प्लॅनिंग एकाच ठिकाणी सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यावं आणि जुनं कधी बंद करावं.

आमचंही अगदी असंच होतं, तेही भोसरी एमआयडीसीतच. मी तेव्हा स्टोअर आणि खरेदी बघायचो. सॉफ्टवेअर निवडण्यात फार दिवस घालवू नका. ईआरपीनेक्स्ट, ओडू, सॅप बिझनेस वन, यातलं कुठलंही तुमच्याएवढ्या कारखान्याला पुरतं. गाडी अडते ती आयटम मास्टरपाशी, म्हणजे स्टोअरमधल्या सगळ्या वस्तूंच्या मूळ यादीपाशी.

आमच्याकडे 6205 बेअरिंग पाच नावांनी नोंदलेलं होतं. सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या मुलाने एक्सेलमध्ये पाचही ओळी एक करून टाकल्या. यादी स्टोअरच्या काकांना दाखवली, तर त्यांनी लगेच दोन ओळींवर बोट ठेवलं: झेडझेड आणि टूआरएस एक नव्हेत. मापं तीच, 25 बाय 52 बाय 15, पण एकाला पत्र्याची झाकणं, दुसऱ्याला रबरी सील. कूलंट उडतं तिथे झेडझेड बसवलं की पाणी आत शिरतं आणि बेअरिंग जातं. ही माहिती कुठल्याच फाइलमध्ये नव्हती. त्यानंतर काका रोज दोन तास माझ्या शेजारी बसले आणि एकेक आयटम हातावेगळा केला. 3 महिने गेले. मालक वैतागले होते, पण मी ते 3 महिने पुन्हा देईन. तुमच्या स्टोअरमध्ये असं कोणी असेल आणि निवृत्तीला आलं असेल, तर आधी त्यांना गाठा.

तसंच एककांचं. 50 एमएमचा ईएन 8 (मध्यम कार्बनचं पोलाद) बार किलोवर येतो, स्टोअर नग मोजतं आणि शॉपवर तो तुकड्यांत कापला जातो. मीटरला साधारण 15.4 किलो, हे गणित पहिल्याच दिवशी सिस्टीममध्ये बसवा. आमच्याकडे एका जीआरएनला (माल आल्याची नोंद) 1000 किलोचे 1000 नग झाले आणि महिनाभर स्टॉक खोटा दिसत राहिला.

ईआरपी घ्यावंच असं मी म्हणतो ते जॉब वर्कमुळे, म्हणजे आपला माल बाहेर पाठवून करून घेतलेल्या कामामुळे. हीट ट्रीटमेंटला, प्लेटिंगला गेलेला माल जीएसटीच्या कलम 143 प्रमाणे 1 वर्षात परत यायला हवा. नाही आला तर पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरून कर लागतो, वर व्याज. माल बाहेर पाठवल्याची आमची चलनं स्टोअरच्या पुस्तकात पडून असायची, अकाउंट्सला पत्ताच नसायचा. एका बाहेरच्या शॉपकडे आमचा माल 14 महिने अडकला होता, ते ऑडिटच्या वेळी कळलं. आता चलन 9 महिन्यांचं झालं की खरेदीवाल्याच्या स्क्रीनवर येतं. स्टोअर आणि हिशेब एका ठिकाणी आल्याशिवाय हे होत नाही.

जुनं बंद करायचं ते 1 एप्रिलला, आणि स्टोअरमध्ये एकदम. दोन्ही सिस्टीम चालू ठेवल्या की माणसं सवयीने जुन्यात नीट भरतात आणि नव्यात कसंतरी. त्याआधी फेब्रुवारीतल्या एखाद्या गुरुवारी, साप्ताहिक सुट्टी असते तेव्हा, पूर्ण मोजणीची तालीम करा. आमच्या तालमीत सगळ्यात जास्त फरक इन्सर्टमध्ये (कटिंग टूलच्या बदलायच्या पात्यांमध्ये) निघाला, कारण ऑपरेटर ते आपापल्या ड्रॉवरमध्ये ठेवत होते. नव्यात फक्त शिल्लक स्टॉक, उघडे पीओ (माल यायचा बाकी असलेल्या खरेदी ऑर्डर) आणि परत न आलेली चलनं घ्या. जुने व्यवहार ओढत बसू नका.

तो जुना पीसी मात्र भंगारात काढू नका. कंपनी असाल तर हिशेबाची पुस्तकं 8 वर्षं ठेवावी लागतात. शिवाय आमच्या फॉक्सप्रोत ठेकेदारांची नावं श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये) टाइप केलेली होती. एक्सेलमध्ये काढली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली. तुमच्याकडेही तसं असेल तर पीसी चालू आहे तोवर ती यादी छापून घ्या, नावं हातानेच पुन्हा भरावी लागतील.