माळकरी सासऱ्यांना घेऊन लंडनच्या जुन्या पबात? जा की बिनधास्त

जूनमध्ये लंडनला येताय, मिस्टरांना 'खरी' एल (इथली पारंपरिक पिंपातली बिअर) प्यायचीय, तुम्हाला जुना व्हिक्टोरियन पब आतून बघायचाय आणि सोबत सासू-सासरे, त्यात सासरे माळकरी, तर त्यांना पबात नेणं बरं दिसेल का असं तुम्ही विचारलंय. त्यावर काहींनी सरळ नका नेऊ म्हणून सांगितलंय ते मला अजिबात पटलेलं नाही. आपल्या डोक्यात पब म्हटलं की लोअर परळ, डीजे, काळोख आणि दारात बाउन्सर. इथला गल्लीतला जुना पब म्हणजे दुपारी तीन वाजता दोन रिटायर्ड आजोबा पेपर वाचत बसलेत, एकाच्या टेबलाखाली कुत्रं झोपलंय आणि गाणी बऱ्याच ठिकाणी नाहीतच. न पिणाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. लाइम अँड सोडा मागा, स्वस्त असतं, बऱ्याच ठिकाणी चहा-कॉफी पण मिळते. सासरे निवांत बसतील, उलट तिथलं लाकूडकाम बघून तेच तुमच्यापेक्षा जास्त खूश होतील.

कुठला पब? एकच निवडायचा तर मी मेडा व्हेलचा प्रिन्स आल्फ्रेड सांगेन. बेकरलू लाइनवर वॉरविक ॲव्हेन्यूला उतरायचं, तिथून फॉर्मोसा स्ट्रीट चालत अगदी जवळ, आणि येताना किंवा जाताना लिटल व्हेनिसचा कालवा पण बघून होतो. इमारत 1850 च्या दशकातली, आतली सजावट 1890 च्या दशकातली. बाहेरून बाक दिलेल्या, नक्षी कोरलेल्या काचा, आत मधोमध बार आणि त्याच्याभोवती लाकडी पार्टिशन टाकून केलेले छोटे छोटे कप्पे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला पार्टिशनमध्येच बुटकी दारं आहेत, चांगलं कंबरेत वाकून जावं लागतं, तेव्हा सासऱ्यांचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना त्या फंदात पाडू नका, मागच्या बाजूला जेवणाची खोली आहे तिथं बसवा. आणि हो, हा आल्फ्रेड म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा दुसरा मुलगा. 1870 साली हे महाशय मुंबईला येऊन गेले, त्यांच्या नावानं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम बांधलं, म्हणजे रीगल सिनेमासमोरची ती इमारत, जिथं पुढे कितीतरी वर्षं विधिमंडळ भरायचं आणि आता पोलीस महासंचालकांचं ऑफिस आहे. सासऱ्यांना एवढं सांगा, पबात आल्याचा संकोच निम्मा तिथंच जाईल.

हे कप्पे कशासाठी तर वर्गवारीसाठी. मजुरांचा पब्लिक बार वेगळा, तिथं साधी फरशी नाहीतर फळ्या, जरा बऱ्या लोकांचा सलून बार वेगळा, तिथं गालिचा आणि तीच बिअर थोडी महाग, बायकांना किंवा ज्यांना कुणाच्या नजरेस पडायचं नाही त्यांना स्नग नावाची छोटी बंद खोली. प्रत्येक कप्प्याला रस्त्यावरून स्वतःचं दार असायचं. आणि काउंटरवर डोक्याच्या उंचीला फिरत्या काचांच्या झडपा, त्यांना स्नॉब स्क्रीन म्हणतात. काच दुधी, नक्षीदार. साहेबानं झडप ढकलून ऑर्डर द्यायची, ग्लास आत आला की झडप बंद, म्हणजे पलीकडच्याला कळायला नको हा कोण पितोय. प्रिन्स आल्फ्रेडला या झडपा अजून जागेवर आहेत आणि फिरतात, हळूच फिरवून बघा. एवढं सगळं फार थोड्या पबांत शिल्लक राहिलंय, कारण विसाव्या शतकात भिंती पाडून एकच मोठा हॉल करायची लाट आली, देखरेखीला सोपं आणि माणसं जास्त मावतात. मुळात कोपऱ्याकोपऱ्यावर एवढे पब आले कुठून, तर 1830 च्या कायद्यानं कर भरणाऱ्या कुणालाही दोन गिनी भरून बिअर विकायचं लायसन मिळायला लागलं, जिनपेक्षा बिअर बरी असा सरकारचा हिशोब होता, आणि लोकांनी घराच्या पुढच्या खोलीतच दुकानं थाटली. पुढे शतक संपता संपता ब्रुअऱ्यांनी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांनी, कर्ज काढून पब विकत घेतले आणि एकमेकांवर मात करायला आरसे, टाइल्स, महोगनी ओतली.

वेळ असेल तर होबर्नच्या प्रिन्सेस लुईझमध्ये डोकावून या, टाइल्स आणि कोरीव काचांच्या बाबतीत तो सरसच आहे, पण तो ऑफिसवाल्यांच्या वस्तीत, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, आणि ज्या कंपनीचा तो आहे त्यांच्या पबात मोबाइलवर बोलायला बंदी आहे, फोटोच्या नादात असाल तर आधी विचारा.

आता मिस्टरांसाठी. खरी एल म्हणजे काय, तर जी पिंपातच शेवटपर्यंत मुरत असते. यीस्ट जिवंत, बाहेरून गॅस मारलेला नाही, तळघरात 11 ते 13 अंशाला ठेवलेली आणि हातपंपानं ओढून वर आणलेली. 'गरम बिअर' म्हणून आपली मंडळी नाक मुरडतात, पण ती गरम नसते, तळघराइतकी गार असते, आणि बर्फासारखी गार केली की तिची चवच मरते. 1971 साली कॅम्रा नावाची ग्राहकांची संघटना उभी राहिली ती यासाठीच, सगळ्या मोठ्या ब्रुअऱ्या गॅसवाल्या बिअरकडे वळत होत्या म्हणून.

पण इथं एक गोष्ट कुणी सांगत नाही. जिवंत आहे म्हणजे खराब पण होते, विरजणासारखं. पिंप उघडून बिअर ओढायला लागलं की जेवढी बिअर बाहेर तेवढी हवा आत, मग साधारण तीन दिवसांत ते संपलं पाहिजे. नेहमीचं पिंप 9 गॅलनचं, म्हणजे 72 पाइंट, इथले मोठे ग्लास. आता तुम्हीच हिशोब करा, बारवर दहा हातपंप आणि गिऱ्हाईक चार, तर ते पिंप कधी संपणार? म्हणून माझा साधा नियम, पंप कमी आणि माणसं जास्त असतील तो पब चांगला. तीन-चार पंप पुष्कळ झाले. नुसत्या सुंदर काचा बघून एल चांगली असेल असं धरून चालू नका, मला अप्रतिम इमारतीत व्हिनेगर प्यायला मिळालेलं आहे, कुठं ते सांगत नाही. तसं झालं तर गप्प गिळायची नाही, दोन घोट घेऊन काउंटरवर जायचं आणि शांतपणे म्हणायचं की जरा आंबल्यासारखी लागतेय, बरा पब असेल तर वाद न घालता बदलून देतात. अर्धा ग्लास संपवून मग तक्रार केली तर मात्र शोभत नाही. आणि दार उघडल्या उघडल्या पहिलं गिऱ्हाईक होऊ नका, रात्रभर पाइपमध्ये राहिलेली बिअर नीट पबवाले आधी ओढून फेकतात, बाकीचे तुम्हाला देतात.

पंपाच्या दांड्यावर बिल्ला असतो, त्यावर नाव आणि टक्के. बिल्ला उलटा फिरवलेला असेल तर ती संपलीय. आपल्याकडच्या स्ट्राँगच्या हिशोबानं जाऊ नका, इथली बिटर, म्हणजे नेहमीची कडसर एल, साडेतीन ते साडेचार टक्क्यांची, हळूहळू गप्पा मारत प्यायची. हार्वीजची ससेक्स बेस्ट दिसली तर डोळे झाकून घ्या, 4 टक्के, जरा माल्टी आणि शेवटी कडू. काय घ्यावं कळत नसेल तर चव बघायला मागा, छोट्या ग्लासात घोटभर देतात, फुकट. हाफ, म्हणजे अर्धा पाइंट, मागायला लाजायचं कारण नाही. पाइंट म्हणजे 568 मिली, लंडनात सहा-सात पौंड धरून चला.

टेबलावर बसून वेटरची वाट बघत राहिलात तर अंधार पडेल. काउंटरला जायचं, रांग दिसत नाही पण असते, तुमच्या आधी कोण आलं होतं हे बारवाल्याला आणि तुम्हाला दोघांनाही माहीत असतं, नोट हलवून किंवा 'एक्सक्यूज मी' करून बोलवायचं नाही, फक्त नजर मिळवायची. पैसे तिथंच आणि लगेच. टिप ठेवायची पद्धत काउंटरवर नाही. चार मित्र असले की एक जण सगळ्यांची ऑर्डर देतो, मग पुढचा, आणि आपली पाळी आली की टॉयलेटला जाणारा माणूस इथंही चांगला लक्षात राहतो.

आता शाकाहाराचं, पिण्यातलं आणि खाण्यातलं, इथं जरा नीट वाचा. बहुतेक पिंपातली एल निवळायला आयसिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. पालघर-सातपाटीकडे घोळ माशाचं बोत सुकवून विकतात ना, त्याच जातीची वस्तू. गाळ घेऊन ती तळाशी बसते, ग्लासात शोधून सापडणार नाही, पण मिस्टर शाकाहारी असतील तर त्यांना माहीत असावं. 'अनफाइन्ड' लिहिलेली मिळाली तर त्यात ते नसतं, दिसायला गढूळ असते, ती मात्र खराब समजून परत करू नका.

जेवणात संडे रोस्ट म्हणजे बीफ किंवा चिकन, भाजलेले बटाटे, यॉर्कशायर पुडिंग (गोड नसतं, मैद्याचं फुगलेलं असतं) आणि वर ग्रेव्ही. शाकाहाऱ्यांना नट रोस्ट, म्हणजे सुक्या मेव्याचा भाजलेला वडा, मिळतो, पण पुडिंगमध्ये अंडं असतं आणि ग्रेव्ही बहुतेक मांसाच्या रसाची, ती वेगळी आहे का हे आधीच विचारायचं. चिप्स कशात तळतात तेही विचारा, काही ठिकाणी अजून बीफच्या चरबीत तळतात, आणि हे नंतर कळलं तर घरी परत जाईपर्यंत ऐकावं लागेल. माळकऱ्यांसाठी सगळ्यात सुटसुटीत म्हणजे प्लाउमन्स लंच, चेडर, ब्रेड, आंबटगोड काळपट लोणचं आणि व्हिनेगरमधला कांदा. त्यातला हॅम काढायला सांगायचा, चीज व्हेजिटेरियन रेनेटचं आहे का ते विचारायचं (रेनेटनं दूध फाडतात, ते वासराच्या पोटातलंही असतं) आणि कांदा चालत नसेल तर तोही नको म्हणायचं. सासूबाईंना ते लोणचं आवडेल किंवा अजिबात आवडणार नाही, मधलं काही नसतं.

वेळेचं मात्र सांभाळा. आपल्यासारखं साडेनऊला जेवायला निघालात तर किचन बंद झालेलं असेल, दुपारी बऱ्याच ठिकाणी तीनला आणि रात्री नऊच्या आसपास बंद होतं. रविवारी रोस्ट बाराला सुरू होतो आणि चांगल्या पबात चारपर्यंत संपूनही जातो, तेव्हा रविवारी जाणार असाल तर टेबल आठवडाभर आधी बुक करा आणि बुकिंगमध्येच दोन शाकाहारी, अंडं नको, असं लिहून टाका.