उजवीकडची मादी

बेळगाव, जूनचा दुसरा आठवडा

चिरंजीव,

तू पाठवलेल्या सांबरांच्या फोटोतली उजवीकडची मादी ही मादी नाही. फोटो मोठा करून बघ. डावीकडचीपेक्षा मान दुप्पट जाड आहे, मानेवर राठ केसांची आयाळ आहे आणि कानांच्या मधे दोन गाठी आहेत, ओल्या मातीच्या रंगाच्या. हा नर आहे रे. जानेवारीत ओढ्यावर आला होता तोच की दुसरा, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण शिंगांचा नर दिसेना म्हणून "नर मेला, शिकार झाली असावी" असं वहीत लिहून तू वनखात्याच्या रेंज ऑफिसात अर्ज द्यायला निघाला आहेस, तो अर्ज आधी खिशात घाल.

शिकार होतच नाही असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण एकदा उगंच लांडगा आला म्हणून ओरडलास, की पुढच्या वेळी तुझा अर्ज कोण वाचणार?

तू चुकलास याचा मला राग नाही. फेब्रुवारी ते मे त्या ओढ्यावर तू एकदाही बसला नाहीस, याचा आहे. परीक्षा होती, कबूल. पण दांडेलीला गेलास, कबिनीला गेलास, तेव्हा परीक्षा नव्हती की! जागा बदलू नकोस असं मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांबराच्या वर्षाचं जे पान तुला हवं होतं, नेमकं तेच तू फाडून टाकलंस.

गव्याची शिंगं जन्मभराची. सांबराची तशी नाहीत. ते हाड असतं आणि ते गळून पडतं. आपल्याकडे बहुतेक नरांची चैत्र-वैशाखात पडतात. कपाळावर जखम राहते, खपली धरते आणि पहिल्या पावसाच्या सुमारास तिथून नवीन कोंब निघतो. त्यावर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते आणि तिच्या आतून रक्त खेळत असतं. त्या दिवसांत नर बुजरा होतो, कोवळं शिंग जपत एकटा फिरतो. दिवाळीपर्यंत शिंग टणक होतं, कातडी वाळते, मग झाडाच्या खोडावर घासून तो ती उतरवतो. सोललेल्या साली तुला दाखवल्या होत्या, आठवतंय? मार्गशीर्ष-पौषात माजावर येतो, चिखलात लोळतो, मान फुगते. मादी आठ महिने गाभण असते, म्हणजे पिल्लं ऐन पावसात, गवत कोवळं असताना. पण हे ढोबळ झालं. एखादा नर महिनाभर मागेपुढे होतो, एखादा त्या वर्षी शिंगं टाकतच नाही. तुझ्या ओढ्यावरचा नर कधी टाकतो, हे कुठल्या पुस्तकात मिळेल? त्यासाठी तिथेच बसावं लागतं.

मी हे कशाच्या जोरावर बोलतो तेही ऐक. तेविशीत होतो. जांबोटीकडे मामाच्या भाताच्या बांधाखाली भेकराचं पिल्लू दिसलं. अंगावर ठिपके, हालचाल नाही. आई दिसेना. मी अर्धा तास थांबलो. फक्त अर्धा तास! मग गोणपाटात गुंडाळून घरी आणलं, बोळ्याने म्हशीचं दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गार पडलं होतं. आई पिल्लाला असंच लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते, हे मला नंतर कळलं. संध्याकाळपर्यंत त्याच बांधावर बसलो असतो, तर ती आलेली दिसली असती. मामी म्हणाली, तुझं मन चांगलं होतं. मनाचं काय घेऊन बसलीस, म्हटलं मी. ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

नंतरही मी शहाणा झालो असं समजू नकोस. पुढची वीस वर्षं मी नुसता भटकलो. आज भद्रा, उद्या नागरहोळे. यादी वाढली, पण एका नराचं एक वर्षही मला सलग माहीत नव्हतं. आता सतरा वर्षं एकाच ओढ्यावर बसतोय. बदली नको म्हणून ऑफिसातलं प्रमोशन सोडलं, त्याचा हिशोब घरचे अजून विचारतात. कपाटभर वह्या झाल्या, भिंतीवर लावावा असा एक फोटो नाही. नसू दे. पाच पावसाळे लागोपाठ एक मादी त्याच जांभळीखाली पिल्लू घेऊन यायची, तिचा डावा कान फाटका होता. हे मी भटकत राहिलो असतो तर मला कळलं असतं का? मला वाटतं, बरोबरच केलं. आता तू म्हणशील, काका स्वतःचंच समर्थन करतायत. करतोय. मग?

बरं, कामाचं. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत पाय टाकायचा नाही. आपल्याला बांधाकडची कड पुरते. या महिन्यात वारा चोर्ल्याकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो, म्हणून ओढ्याच्या पूर्वेला बस, तुझा वास खानापूरकडे जाऊ दे. सांबराला तू दिसण्याआधी तुझा वास लागतो. पाय आपटून त्याने 'ढँक' केलं, की तो दिवस संपला असं समज. वॉचरशी बोलताना कानडीत सांबराला 'कडवे' म्हण, भेकराला 'काडुकुरी' म्हण. वहीत दोन्ही नावं लिही. त्याच्या भाषेत विचारलंस की तो तासभर सांगत बसतो, माझा अनुभव आहे. पडलेलं शिंग सापडलं तर उचलू नकोस. 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकशील ते वेगळंच, पण ते साळिंदराचं खाणं आहे. त्यावर दातांच्या खुणा किती वाढतात ते दर आठवड्याला बघ. याच आठवड्याला कुठे जाणार म्हणून विचारू नकोस मर्दा, तिथेच जायचं.

"नर मेला" ही ओळ खोडू नकोस. तिच्याखाली परवाची तारीख घाल आणि त्या दोन गाठी किती बोटं वाढल्या ते लिही. कानाच्या लांबीशी ताडून बघ, अंदाज येतो.

रविवारी पहाटे पाचला कणकुंबीच्या बसला ये. जळवांसाठी तंबाखूचं पाणी मी आणतो. तो निळा रेनकोट घरी ठेव, सळसळतो फार.

तुझा,
काका