विहिरीतली बुडी आणि समुद्रातली वेळमर्यादा

प्रश्न : परभणी जिल्ह्यात लहानपणापासून आम्ही चाळीस फूट खोल विहिरीच्या तळाची माती मूठभर घेऊन झटकन वर येत आलो; कधी काही झाले नाही. आता स्कूबाचे, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली राहण्याचे, प्रमाणपत्र मिळाले आहे. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरने (खोली आणि वेळ मोजणाऱ्या यंत्राने) दाखवलेली नो-डेको मर्यादा, म्हणजे वाटेत न थांबता थेट वर येता येईल इतकाच खाली राहण्याचा वेळ, हौशी पाणबुड्याने कधी ओलांडावी का?

उत्तर : ठरवून कधीही ओलांडू नये. विहिरीत आपण काठावर घेतलेला एकच श्वास घेऊन उतरता, म्हणून शरीरात विरघळणारा नायट्रोजन अगदी थोडा असतो. स्कूबात मात्र ३० मीटरवर चौपट दाबाची हवा आपण श्वासागणिक घेत राहता आणि नायट्रोजन रक्तात व ऊतींत साठत जातो. तो सावकाश बाहेर पडण्यापूर्वीच वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात, आणि ते मज्जारज्जूपर्यंत इजा करू शकतात. एका प्रचलित तक्त्यानुसार पहिल्या बुडीला १८ मीटरवर ५६ मिनिटे मिळतात, ३० मीटरवर केवळ २०. या आकड्यांच्या आतही त्रास झाल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे शेवटच्या मिनिटापर्यंत ताणणेही मला मान्य नाही.

मर्यादा ओलांडली की थेट वर येण्याची वाट बंद होते. नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून वाटेत सांगितलेल्या खोलीवर, सांगितलेला वेळ थांबे घ्यावेच लागतात, मग सिलिंडरमधली हवा संपत आलेली असो की सोबत्याला अडचण आलेली असो. ब्रिटन-फ्रान्समधले काही क्लब नियोजित थांबे शिकवतात हे खरे. पण त्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि पुरेशी राखीव हवा लागते. नजरचुकीने मर्यादा ओलांडलीच, तर घाबरून वर धावू नये, कॉम्प्युटर सांगेल तितका थांबा पूर्ण करावा आणि त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरू नये.

आपल्याकडच्या वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. मालवणहून परतताना लागणारी आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने उरलेला नायट्रोजन तिथेही त्रास देऊ शकतो. विमानप्रवासासाठी एका बुडीनंतर १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास आणि थांबे घ्यावे लागले असल्यास २४ तासांहून अधिक अंतर सुचवले जाते. घाट चढतानाही तोच हिशेब धरणे शहाणपणाचे. परतल्यावर सांधे दुखले किंवा हातापायांना मुंग्या आल्या, तर प्रवासाचा शीण समजून अंगावर काढू नका; तातडीने रुग्णालय गाठा, समुद्रात बुडी मारल्याचे डॉक्टरांना आधी सांगा आणि ऑक्सिजन सुरू करण्याची विनंती करा.