गेम पत्रकारितेत सतत नोकरकपात होत असताना या क्षेत्रात यावं का? पुढे भविष्य काय?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: "वाचक यूट्यूबकडे गेले, लिहिणारा कोण आहे याने आता कुणाला फरक पडत नाही." मूळ प्रश्नाचं उत्तर देतेच, पण आधी या ओळीबद्दल बोलू द्या. हेच मला नोकरीवरून काढताना ऐकवलं गेलं होतं आणि तेव्हा मला पुरतं उत्तर देता आलं नव्हतं.

मी एका गेमिंग साइटसाठी बातम्या आणि रिव्ह्यू लिहायचे. साइट विकली गेली तेव्हा पहिल्याच बैठकीत नव्या मालकांनी सांगितलं की काहीही बदलणार नाही. थोड्याच दिवसांत बातम्यांची माणसं गाइड लिहायला बसवली गेली. गेममधल्या अमुक बॉसला, म्हणजे मोठ्या शत्रूला, कसं हरवायचं, तमुक चावी कुठे सापडते, हे. गाइडला मी मुळीच कमी लेखत नाही. चांगलं गाइड लिहायचं तर गेम शेवटपर्यंत खेळावा लागतो, प्रत्येक वाट तपासावी लागते, आणि ते करणारे लोक फार मेहनती असतात. पण तिथे मागणी एका नीट गाइडची नव्हती. लोक गूगलवर जे जे टाइप करतील त्या प्रत्येकासाठी वेगळं पान हवं होतं. गेम रात्री हातात पडायचा आणि सकाळी पानं तयार लागायची.

त्याच काळात मी एका बातमीवर काम करत होते. एका मोठ्या गेमचं टेस्टिंग करणाऱ्या कंत्राटी लोकांची नावं क्रेडिट्समधून गाळली होती, कारण गेम बाजारात येण्याआधीच त्यांची कंत्राटं संपली होती. या धंद्यातली ही जुनी रीत आहे आणि ती अजून चालू आहे. त्यातले काहीजण नाव न छापण्याच्या अटीवर माझ्याशी बोलले. एका मुलाने घरच्यांना दाखवायचं म्हणून शेवटची नामावली थांबवत थांबवत पाहिली होती, सगळे सोबत बसलेले असताना. त्याचं नाव आलंच नाही. मजकूर पूर्ण झाला, संपादकांनी वाचला, त्यांना आवडला, दोन दुरुस्त्या सुचवल्या. मग वरून निरोप आला: या विषयाला सर्चमध्ये मागणी नाही, थांबवा.

पुढे एके सकाळी कॉलचं आमंत्रण आलं. आत गेले तर आम्ही बरेचजण होतो. बोलणं चालू असतानाच आमची ऑफिसची खाती बंद झाली. मी विचारलं, त्या बातमीचं काय? ज्यांना मी शब्द दिलाय त्यांना काय सांगू? नवे व्यवस्थापक म्हणाले, "वाचक उत्तर शोधायला येतो. खाली नाव कुणाचं आहे हे कोण बघतं?"

ज्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता त्यांना मी एकेकाला फोन करून सांगितलं. त्यातली एकजण उलट माझीच समजूत काढायला लागली, ते मला नोकरी जाण्यापेक्षा जास्त लागलं. नंतर कधीतरी माझा एक जुना रिव्ह्यू उघडून पाहिला. मजकूर तोच होता, शब्द न् शब्द माझा, पण नावाच्या जागी फक्त 'स्टाफ'.

तर, नाव कोण बघतं?

नोव्हेंबर २००७ मध्ये गेमस्पॉट या गेमिंग साइटने आपले संपादक जेफ गर्स्टमन यांना काढलं. 'केन अँड लिंच' या गेमला त्यांनी दहापैकी सहा गुण दिले होते आणि त्याच गेमच्या जाहिरातींनी तेव्हा साइट भरलेली होती. २०१२ मध्ये बोलण्याची मोकळीक मिळाल्यावर गर्स्टमन यांनी स्वतःच सांगितलं की प्रकरण त्या रिव्ह्यूमुळेच पेटलं. २००८ मध्ये त्यांनी जायंट बॉम्ब ही स्वतःची साइट सुरू केली आणि वाचक त्यांच्यामागे तिकडे गेले. पुढे तीच साइट या मालकाकडून त्या मालकाकडे विकली जात राहिली. शेवटी मे २०२५ मध्ये तिथेच काम करणाऱ्या जेफ बकालार आणि जेफ ग्रब यांनी ती फँडम कंपनीकडून विकत घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एस्केपिस्ट या गेमिंग साइटचे मुख्य संपादक निक कॅलांड्रा यांना काढलं, तेव्हा व्हिडिओ विभागातल्या लोकांनी पाठोपाठ राजीनामे दिले आणि काही दिवसांतच सेकंड विंड ही स्वतःची व्हिडिओ संस्था उभी केली. चाहते जिथून थेट पैसे देतात त्या पेट्रिऑनवर प्रेक्षकांनी पैसे दिले ते त्या माणसांना. जुनं नाव, जुना लोगो, जुनी साइट सगळं मालकाकडेच राहिलं होतं. त्याच महिन्यात कोटाकू या गेमिंग साइटच्या माजी लेखकांनी आफ्टरमॅथ ही स्वतःची साइट सुरू केली. व्हाइस या माध्यम कंपनीने आपला वेपॉइंट हा गेमिंग विभाग बंद केल्यावर तिथल्या लोकांनी रीमॅप काढली. म्हणजे लोक नाव बघतात, आणि नावासाठी खिशातून पैसेही काढतात.

आता तुमचं यूट्यूब. सेकंड विंड यूट्यूबवरच आहे. यूट्यूबने पत्रकार संपवले असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं. खरी अडचण वेगळीकडे आहे. गेम आवडला की नाही हे सांगणारे हजारो आहेत आणि त्यातले काही उत्तम आहेत. पण कंपनीच्या आत काय चाललंय हे शोधायला महिने लागतात, तेवढे दिवस पगार लागतो, वकील लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये कोटाकूने रायट गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीतल्या लिंगभेदाची बातमी छापली. त्यानंतर खटले उभे राहिले आणि डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने १० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. अशा बातमीला सर्चमध्ये कसली मागणी असणार? छापून येईपर्यंत ती शोधायची असते हेच कुणाला ठाऊक नसतं.

आणि गाइडच्या पानांवर सगळा डाव लावणाऱ्यांचं काय झालं तेही बघा. मार्च २०२४ मध्ये कोटाकूच्या मुख्य संपादक जेन ग्लेनन यांनी राजीनामा दिला, कारण व्यवस्थापनाला बातम्यांपेक्षा गाइड हवी होती. त्याच वर्षी मे महिन्यात गूगलने अमेरिकेत शोधाच्या निकालांवरच एआयने लिहिलेली उत्तरं दाखवायला सुरुवात केली. चावी कुठे आहे हे तिथेच कळलं तर पान कोण उघडेल? शिवाय ते उत्तर तयार होतं कुणीतरी रात्र जागून लिहिलेल्या गाइडमधूनच. मे २०२५ मध्ये व्हॉक्स मीडियाने पॉलिगॉन ही आपली गेमिंग साइट वॅलनेट या कंपनीला विकली, बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या. जुलैमध्ये कोटाकूही विकली गेली. वाचक लेखकांना सोडून गेले म्हणून हे झालं असं म्हणणं मला साफ अमान्य आहे. दुसऱ्याच्या सर्चवर उभा केलेला धंदा त्या सर्चने दिशा बदलताच कोसळला, आणि किंमत लिहिणाऱ्यांनी मोजली.

माझ्या मते सगळ्यात वाईट झालं ते गेम इन्फॉर्मरचं. १९९१ पासून चालत आलेलं मासिक. २ ऑगस्ट २०२४ ला गेमस्टॉपने ते बंद केलं आणि वेबसाइटसुद्धा काढून टाकली. कुठलाही जुना लेख उघडा, समोर निरोपाचा एकच मजकूर. तिथल्या लोकांना स्वतःचं काम उतरवून घ्यायलाही वेळ मिळाला नाही. मार्च २०२५ मध्ये गनझिला गेम्सने ते विकत घेऊन जुन्या सगळ्या चमूसकट परत सुरू केलं, याचा मला मनापासून आनंद झाला. पण मालक स्वतः गेम बनवणारी कंपनी आहे, आधीचा मालक गेम विकणारा दुकानदार होता. ही गाठ कधीतरी काचणारच.

तुमच्याबद्दल. यावं का? गेम फुकट खेळायला मिळतात म्हणून येत असाल तर नका येऊ. बातमी काढायची असेल तर या, पण रिव्ह्यूपासून सुरुवात करू नका, तिथे गर्दी आहे. कंपन्यांचे तिमाही अहवाल वाचायला शिका, कोर्टाची कागदपत्रं आणि कामगार कायदा शिका. टेस्टर, अनुवादक, कस्टमर सपोर्टवाले, यांच्याशी ओळखी करा. मोठ्या पदावरची माणसं ठरलेलं बोलतात, खरं काय ते या लोकांना ठाऊक असतं. छापून आलेल्या प्रत्येक लेखाची पीडीएफ त्याच दिवशी स्वतःकडे ठेवा. स्रोतांचे फोन नंबर आणि टिपणं फक्त ऑफिसच्या खात्यात कधीही ठेवू नका. माझी माझ्या वहीत होती म्हणून मी ते फोन करू शकले.

एक गोष्ट मात्र वर सांगायची राहिली, आणि ती तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. वाचकांच्या पैशांवर चालणाऱ्या ज्या साइटींची नावं मी घेतली, त्या काढणारी माणसं आधी वर्षानुवर्षं पगारावर मोठ्या साइटींत काम करत होती. नाव तिथे झालं, मग वाचक सोबत आले. तुम्हाला ती पायरी आज जवळजवळ उपलब्धच नाही. नव्या माणसाने थेट पेट्रिऑन उघडून पोट भरावं हे फार थोड्यांना जमतं. म्हणून दुसरी नोकरी हातात असेल तर ती सोडू नका, निदान दोन-तीन वर्षं.

करारावर सही करण्याआधी एक कलम मागा: साइट विकली गेली तरी लेखावरचं माझं नाव बदलायचं नाही. बहुतेक ठिकाणी नाही म्हणतील. तरी मागा, आणि नाही म्हणाले तर ते लेखी घ्या.