स्टोरेजची रोजची कामं वर्कफ्लोवर टाकता येतात, पण पुसण्याआधी त्याला थांबवा

तुमचा प्रश्न असा: धुळ्यातल्या एका ऑफिसात तुम्ही एकटेच आयटी बघता. जागा संपत आली की जुन्या फाइली हलवणं, रात्रीचा बॅकअप झाला का ते सकाळी बघणं, नवा माणूस आला की त्याला फोल्डर उघडून देणं, ही कामं वर्कफ्लो सॉफ्टवेअरवर टाकता येतील का, आणि सुरुवात कुठून करायची?

टाकता येतात. वर्कफ्लो म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी लिहून ठेवलेलं काम, जे मशीन क्रमाने करतं. मी जळगावकडे एका जिनिंगमध्ये हेच करतो. पण सॉफ्टवेअरचं नाव सांगण्याआधी आमच्याकडची एक सकाळ सांगतो.

आमच्या काट्यावर कपाशीची प्रत्येक गाडी दोनदा चढते, एकदा भरलेली, एकदा रिकामी. दर वेळी तीन कॅमेरे फोटो काढतात, म्हणजे गाडीमागे सहा फोटो. सीझनमध्ये दिवसाला दीडशे गाड्या धरल्या तर ९०० फोटो. एक फोटो साधारण ८०० केबीचा, म्हणजे जागा दिवसाला सव्वासातशे एमबीच लागते. आकडा लहान आहे, पण वजनावरून वाद झाला की दिवाणजी आधी हाच फोटो मागतात.

काट्याच्या कॉम्प्युटरवरचं ते फोल्डर मी सर्व्हरवर माउंट केलं होतं, म्हणजे सर्व्हरला ते स्वतःचंच असल्यासारखं दिसायचं. रात्री अकराला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम सुरू करणारी लिनक्सची सोय) आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) चालायचं, आणि मुळात नसलेली फाइल कॉपीतूनही काढायचा पर्याय मी चालू ठेवला होता. डिसेंबरात एका संध्याकाळी लाइट गेली, यूपीएसही संपला. लाइट आल्यावर सर्व्हर आपोआप उठला. काट्याचा कॉम्प्युटर कुणी चालूच केला नाही. माउंट लागलं नाही, फोल्डर रिकामं दिसलं, आणि स्क्रिप्टने सांगितलेलं काम इमानदारीने केलं. सकाळी मोबाइलवर निरोप होता: 'बॅकअप यशस्वी. नवीन फाइली: ०. काढलेल्या फाइली: ४१,३१२.' मी पहिले दोन शब्द वाचले आणि चहा प्यायला गेलो.

मूळ फोटो काट्याच्या कॉम्प्युटरवर शाबूत होते म्हणून निभावलं. पण अर्धा दिवस अख्ख्या सीझनचा पुरावा कापसाच्या धुळीत बसलेल्या, नुकत्याच धाडकन बंद पडलेल्या एकाच जुन्या डिस्कवर होता. ते कळलं तेव्हा हातपाय गार पडले.

आता तेच काम वर्कफ्लोत आहे. पहिली पायरी कॉपीची नाहीच. काट्याच्या फोल्डरमध्ये मी एक खुणेची फाइल ठेवली आहे, ती दिसली तरच काम पुढे जातं. दुसऱ्या पायरीत किती फाइली काढल्या जाणार ते आधी मोजलं जातं. आकडा एकूण फाइलींच्या २ टक्क्यांवर गेला तर काम थांबतं आणि मला 'हो' की 'नाही' विचारतं. तिसऱ्या पायरीत कॉपी, चौथीत स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींची गोठवलेली स्थिती. एक सांगून ठेवतो, स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. त्याला बॅकअप म्हणू नका.

क्रॉन आणि वर्कफ्लो यांत फरक हाच. क्रॉनला घड्याळ कळतं, आधीचं काम संपलं की नाही ते कळत नाही. आमच्याकडे टॅलीच्या डेटाची झिप नऊला सुरू व्हायची आणि कॉपी दहाला. मार्चअखेरीला झिपच पावणेअकरापर्यंत चालली आणि अर्धी फाइल दुसऱ्या युनिटला गेली. वर्कफ्लोत पुढची पायरी मागची नीट संपल्यावरच सुरू होते, ती फसली तर काय करायचं तेही लिहिता येतं, आणि कोणत्या रात्री काय झालं याची नोंद राहते. वेळही वाचतो म्हणा, पण मला ही नोंदच जास्त कामाची वाटते.

सॉफ्टवेअर कोणतं? चार-पाच सर्व्हर असतील तर एनएटएन (n8n) किंवा रनडेक (Rundeck) स्वतःच्या मशीनवर टाका. एनएटएनमध्ये चौकटी ओढून जोडायच्या असतात, शिकायला सोपं. रनडेकमध्ये तुमच्या आहेत त्याच स्क्रिप्ट बटणाखाली आणता येतात, आणि कोणी कोणतं बटण दाबायचं तेही ठरवता येतं. नेटअ‍ॅपसारखं मोठं स्टोरेज असेल तर अ‍ॅन्सिबल या ऑटोमेशनच्या साधनाची तयार मॉड्यूल्स मिळतात. एअरफ्लोचं नाव कानावर येईल. ते एअरबीएनबीत २०१४ साली मोठ्या डेटा पाइपलाइनसाठी सुरू झालं. आपल्या कामाला ते म्हणजे शेळी बांधायला हत्तीचा साखळदंड.

खरं डोकं लागतं ते 'जुनी फाइल' कशाला म्हणायचं इथे. शेवटची उघडल्याची तारीख बघून ठरवू नका. विंडोजवर ती नोंद बऱ्याचदा बंद असते आणि लिनक्सही ती प्रत्येक वेळी बदलत नाही. आम्ही आर्थिक वर्षाचं फोल्डर धरतो. हलवायचं काम मशीन करतं. पुसायचं कधी ते मात्र अकाउंटवाल्यांकडून लेखी घ्या. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, कंपनी असेल तर हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षं. हा निर्णय आयटीवाल्याने अंगावर घेऊ नये. सीसीटीव्ही यात आणूच नका. दोन एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला साडेएकवीस जीबी भरतो. रेकॉर्डर जुनं स्वतःच पुसतो, वादाची क्लिप तेवढी बाजूला काढा.

आपल्या भागासाठी एक पायरी वाढवा. मे महिन्यात रविवारी ऑफिस बंद, एसी बंद, आणि बाहेर ४४-४५ अंश. डिस्कचं तापमान स्मार्टमधून (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती) वाचता येतं. आमच्याकडे ५५ च्या वर गेलं की मोठी कॉपी पुढे ढकलली जाते आणि वॉचमनला फोन जातो. तो एसी लावतो आणि तिथेच खुर्ची टाकून बसतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

निरोपांचंही नीट बसवा. 'फसलं तर कळव' एवढं पुरत नाही, कारण निरोप पाठवणारंच फसू शकतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसचा डेटा पुसला. मग लक्षात आलं की रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता, आणि तो फसल्याच्या ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. सहा तासांपूर्वी घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर नेलेल्या एका स्नॅपशॉटवर त्यांचं भागलं. म्हणून माझ्याकडे दुसरं एक मशीन सकाळी सातला बघतं की रात्रीचा 'झालं' निरोप आला का. आला नसेल तर ते ओरडतं.

नव्या माणसाच्या फोल्डरचं काम सोपं आहे. साहेबांनी फॉर्म मंजूर केला की त्याला ग्रुपमध्ये टाकायचं, बस. त्याच वर्कफ्लोत सोडून गेलेल्या माणसाला काढायची पायरीही लिहा. ती सगळेच विसरतात, मीही विसरलो होतो.

सुरुवात जागेच्या रिपोर्टपासून करा, त्यात काही बिघडत नाही. मग एक काम घ्या आणि पंधरा दिवस नुसतं कोरडं चालवा. आरसिंकला त्यासाठी ड्राय-रनचा पर्याय आहे, विंडोजच्या रोबोकॉपीला /L. काय हलवलं असतं, काय पुसलं असतं ती यादी रोज सकाळी वाचा, पूर्ण वाचा. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एक फाइल मशीनलाच निवडू द्या, ती परत आणून कुणाला तरी उघडायला लावा. आमच्याकडे ती दिवाणजींना जाते. ते दर महिन्याला फोन करतात, "हा कोणता ट्रॅक्टर पाठवला रे भो?" फोन आला की मला कळतं, फाइल उघडली.