सोलर इन्व्हर्टर वॉरंटीत असतानाच बंद पडला. बसवणारा म्हणतो कंपनीशी बोला, कंपनी म्हणते बसवणाऱ्याशी बोला. बदलून कसा घ्यायचा?

ही टोलवाटोलवी मीही भोगली आहे, आणि शेवटी इन्व्हर्टर बदलूनही मिळाला. त्यातून कळलं ते असं की, वाद इन्व्हर्टर बंद आहे की नाही याचा नसतोच. दोष डब्याच्या आत आहे की बाहेर, याचा असतो. आत असेल तर खर्च कंपनीच्या माथी. वायरिंग, पॅनेल किंवा वीजपुरवठ्यात असेल तर कंपनी हात वर करते. नुसतं "बंद पडलाय, माणूस पाठवा" असं कळवलंत तर उत्तर ठरलेलं आहे: ग्रिड (वीज कंपनीचा पुरवठा) तपासा, पॅनेल तपासा. ते आधीच तपासून पुराव्यासकट लिहिलं की पळायला वाट उरत नाही.

आधी तो खरंच बिघडलाय ना, ते बघा. वीज गेली की साधा ग्रिड-टाय (ग्रिडला जोडलेला) इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. भर दुपारी "ग्रिड ओव्हर व्होल्टेज" येतो आणि सकाळ-संध्याकाळ सगळं सुरळीत असतं, तर बहुधा इन्व्हर्टर निर्दोष आहे. वीज बाहेर ढकलताना त्याच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज वाढतं आणि मीटरपर्यंतची केबल लांब व बारीक असेल तर आणखीच वाढतं. अशा ठिकाणी नवाकोरा इन्व्हर्टर लावला तरी तो तेच करणार. पावसानंतर किंवा दव पडलेल्या सकाळी "आयसोलेशन" (वीज जमिनीकडे गळत असल्याचा) एरर येऊन ऊन चढल्यावर आपोआप गेला, तर छतावरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय किंवा कुठेतरी केबलचं आवरण सोललंय, असं समजा.

दोन स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळा) असतील आणि एकच नीट चालत नसेल, तर त्यांची अदलाबदल ही सर्वांत खणखणीत चाचणी. पहिली स्ट्रिंग दुसऱ्या इनपुटला, दुसरी पहिल्याला. दोष स्ट्रिंगबरोबर सरकला तर तो छतावर आहे. त्याच इनपुटवर राहिला तर इन्व्हर्टरच्या पोटात आहे. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आधी एसी (ग्रिडकडची बाजू) बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच), आणि लेबलवर लिहिलेली वेळ थांबायचं, कारण आतले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. ऊन आहे तोवर स्ट्रिंगमध्ये कित्येक शे व्होल्ट असतात. करंट वाहत असताना कनेक्टर उपटला तर डीसीचा आर्क लागतो आणि तो एसीसारखा चटकन विझत नाही.

माझ्या इन्व्हर्टरचं दुखणं वेगळं होतं. सकाळी स्क्रीन उजळायची, ग्रिड तपासणीची उलटी मोजणी सुरू व्हायची, शून्यावर आली की आतून रिलेचा (ग्रिडशी जोडणाऱ्या स्विचचा) "टक्" आवाज, पाठोपाठ दुसरा "टक्", आणि स्क्रीनवर रिले फॉल्ट. पुन्हा मोजणी, पुन्हा टक्-टक्. फोनवर हे कितीही रंगवून सांगितलं तरी पलीकडून "एकदा बंद करून चालू करा" एवढंच यायचं. मग मी त्याचा सलग व्हिडिओ काढला आणि त्याच फ्रेममध्ये एसी टर्मिनलवर लावलेला मल्टिमीटर धरायला लावला, म्हणजे ग्रिडचं व्होल्टेज ठीक असताना रिले पडतोय हे दिसावं. त्यानंतर ग्रिडचा विषय कोणी काढला नाही.

तुम्हीही सगळं एकाच मेलमध्ये पाठवा: सिरियल नंबर, बिल, बसवल्याची तारीख, एरर कोड आणि तो येण्याची वेळ, एसी व्होल्टेज, प्रत्येक स्ट्रिंगचं डीसी व्होल्टेज, आणि इन्व्हर्टर जिथे बसवलाय त्या जागेचे लांबून-जवळून फोटो, अर्थिंगसकट. तक्रार क्रमांक घ्या आणि पुढचं बोलणं त्याच मेलच्या साखळीत ठेवा. झाकणाचे स्क्रू मात्र काढू नका. सील तुटलं की कंपनीला नकाराचं आयतं कारण मिळतं. मॉनिटरिंगचा जुना डेटाही आत्ताच उतरवून ठेवा. तो सिरियल नंबरला जोडलेला असतो आणि इन्व्हर्टर बदलल्यावर हाताला लागेलच असं नाही.

वॉरंटीचा कागद नीट वाचा. पॅनेलवर सांगतात ती २५ वर्षं इन्व्हर्टरला लागू नसतात; त्याची वॉरंटी साधारण ५ ते १० वर्षं असते. (विकताना हे दोन आकडे सोयीस्करपणे एका श्वासात सांगितले जातात.) काही कंपन्या मुदत बसवल्यापासून मोजतात, काही बसवल्यापासून किंवा कारखान्यातून निघाल्यानंतर ठरावीक महिन्यांनी, यात जे आधी येईल तेव्हापासून. म्हणजे माल गोदामात पडून राहिला असेल तर तेवढी वॉरंटी तिथेच सरते. बदली म्हणून दुरुस्त केलेला इन्व्हर्टर येऊ शकतो, आणि त्याला बहुतेकदा मूळ वॉरंटीचा उरलेला काळच मिळतो. वाहतूक आणि काढण्या-बसवण्याची मजुरी कोणाकडे, हे आधी लेखी घ्या. बसवणारा धंदा बंद करून गेला तरी उत्पादकाची वॉरंटी सहसा कायम राहते, त्याने स्वतः दिलेली कामाची हमी तेवढी बुडते.

जुनं मॉडेल बंद झालंय म्हणून दुसरं देत असतील तर घाई करू नका. डीसीची कमाल व्होल्टेज मर्यादा, एमपीपीटीची (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या यंत्रणेची) व्होल्टेज रेंज आणि सुरू व्हायला लागणारं किमान व्होल्टेज तुमच्या स्ट्रिंगशी जुळतंय का, ते विचारा. कडाक्याच्या थंडीत पॅनेलचं व्होल्टेज चढतं, म्हणून मर्यादेला अगदी टेकलेला हिशोब नको. कनेक्टरही दोन्ही बाजूंनी एकाच मेकचे हवेत. वेगळ्या मेकचे जोडले तर बसल्यासारखे दिसतात, पण आत तापून जळू शकतात.

नवा इन्व्हर्टर त्याच तापलेल्या भिंतीवर टांगू नका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं, त्यामुळे दुपारचं ऊन थेट पडणारी भिंत किंवा हवा न खेळणारी पेटी म्हणजे पुढच्या तक्रारीची सोयच. सर्ज प्रोटेक्टरची (व्होल्टेजचा अचानक झटका, म्हणजे सर्ज, अडवणाऱ्या उपकरणाची) खिडकी लाल दिसत असेल तर तोही त्याच दिवशी बदला, कारण विजेच्या लोळाने किंवा सर्जने झालेलं नुकसान बहुतेक वॉरंट्यांमध्ये बसत नाही. नव्या सिरियल नंबरची नोंद कंपनीच्या पोर्टलवर करा, आणि नेट मीटरच्या मंजुरीत जुन्या इन्व्हर्टरचा तपशील असेल तर वीज कंपनीलाही बदल कळवा.