सासूबाईंना डिमेन्शिया आहे, पण मदत मला हवीय

प्रश्न : नमस्कार ताई, माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या, दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं (डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) निदान झालं. दिवसभर बऱ्या असतात पण दिवेलागण झाली की पिशवीत साडी, देवघरातली घंटी, लाटणं, हाताला लागेल ते भरतात आणि दारात उभ्या, "मला घरी सोड". हेच आपलं घर असं सांगितलं की रडारड. मी नोकरी सोडली, मिस्टर रात्री नऊला येतात, पुण्याचे दीर म्हणतात आई फोनवर तर छान बोलते. डॉक्टर गोळ्या देतात, माझं कोणीच विचारत नाही. सांभाळणाऱ्यांसाठी काही असतं का हो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : असतं, फक्त आपल्याकडे ते आपोआप दारात येत नाही, मागून घ्यावं लागतं. गोव्यात 'संगाथ' ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आणि तिथली डिमेन्शिया सोसायटी यांनी मिळून ८१ कुटुंबांसोबत एक प्रयोग केला होता, २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. बारावीपर्यंत शिकलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या साध्या माणसांना ट्रेनिंग दिलं आणि ती सहा महिने ठरावीक दिवसांनी घरी जायची, आजार समजावून सांगायची, चिडचिड-हट्ट कसा हाताळायचा ते दाखवायची, सरकारी योजनांचं सांगायची आणि मुख्य म्हणजे सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायची. गोष्टी इतक्या साध्या, पण सांभाळणाऱ्यांचं मन हलकं झालं, त्रास कमी झाला. मला मनापासून वाटतं की आशाताई जशा बाळंतिणीकडे जातात तसं कोणीतरी प्रत्येक तालुक्यात डिमेन्शियाच्या घरी जायला हवं. २०२३ च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की देशात साठीपुढच्या ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे तुमच्यासारख्या किती जणी असतील बघा.

तोवर काय करायचं? १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात, आणि तिथे सासूबाईंचं नाही तर *तुमचं* सांगा, झोप नाही, रडू येतं, राग येतो, सगळं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, तिथे जवळपासच्या सोयींची चौकशी करा. एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही १९९२ पासून याच आजारावर काम करणारी संस्था, तिची शाखा मुंबईत आहे, ऑनलाइन सपोर्ट ग्रुप आहे का ते विचारा, कारण ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांच्याशी बोलून जो धीर येतो तो नातेवाइकांकडून येत नाही. आणि मिस्टर जुन्या टॅक्स रेजीममध्ये असतील तर सीएला ८०डीडीबी या आयकर कलमाचं विचारा, डिमेन्शियाच्या उपचारखर्चावर त्यात सूट बसू शकते, न्यूरोलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं.

आता संध्याकाळचं. "हेच घर आहे" म्हणणं सोडून द्या, त्यांना ते पटणारच नाही, बहुतेक त्यांच्या डोळ्यासमोर माहेर असतं किंवा नुसतं कुठेतरी सुरक्षित वाटायला हवं असतं. अंधार पडायच्या आधीच सगळे लाइट लावा, साडेपाचला चहा द्या आणि पिशवी भरायला लागल्या की "तुमच्या घरी कोण कोण होतं हो आई?" म्हणून विचारा, मग हात धरून बिल्डिंगखाली एक चक्कर मारून परत या, बऱ्याचदा तेवढ्यात विषय बदलतो. पण हे सगळं अचानक एक-दोन दिवसांत वाढलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा, लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, कुठे दुखत असेल तरी असं होतं आणि त्यांना सांगता येत नाही.

दिरांना फोनवर समजावत बसू नका. दहा मिनिटं फोनवर नीट बोलणं पुष्कळ पेशंटना जमतं, त्यामुळे लांबच्या माणसाला वाटतं सून वाढवून सांगते. त्यांना चार दिवस राहायला बोलवा, गोळ्यांच्या वेळा, बाथरूमला कधी न्यायचं, संध्याकाळी काय करायचं ते कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि तुम्ही माहेरी जा. मिस्टरांनाही आधीच सांगून ठेवा की त्या चार दिवसांत "गोळी कुठे ठेवलीय" म्हणून तुम्हाला फोन करायचा नाही.